बंद राहणाऱ्या घराची दुरुस्ती: मुरबाड तालुक्यातल्या एका कौलारू शेतघराचं प्रकरण

घर ३६ फूट लांब, २४ फूट रुंद. पुढे आठ फुटांची पडवी, मागे सहा फुटांची. अडीच फुटांचं काळ्या दगडाचं जोतं, त्यावर मातीत रचलेल्या पक्क्या विटांच्या १४ इंची भिंती, आतल्या खोल्यांना कारवीचे कूड (काटक्यांवर माती लिंपलेल्या भिंती), सागाचे खांब, ऐनाचे वासे आणि वर मंगलोरी कौलं. कुटुंब आता ठाण्यात आणि ऐरोलीत राहतं. गावात राहणाऱ्या आजी सहा वर्षांपूर्वी कळव्याला लेकाकडे आल्या आणि घराला कुलूप लागलं. नातवंडांपैकी तिघांनी ते पुन्हा वापरात आणायचं ठरवलं: शनिवार-रविवार, गणपती आणि मे महिना.

त्यांची पहिली यादी ओळखीची होती. दोन बाथरूम, मोठ्या टाइल, फॉल्स सीलिंग, बाहेरून टेक्स्चर पेंट. छप्पर शेवटी, "गळतंय तेवढं बदलू" या शेऱ्यासह. बाथरूमच्या टाइल तर खरेदी होऊन पडवीत येऊनही पडल्या होत्या. ही यादी उलटी का करावी लागली, हेच या प्रकरणात सांगण्यासारखं आहे.

असं घर रोज राहत्या माणसांच्या भरवशावर बांधलेलं असतं. चुलीचा धूर आणि ऊब आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे वासे कोरडे राहतात आणि किडीला तिथे बस्तान बसवणं अवघड जातं. पावसाळ्याआधी शाकारणी होते, म्हणजे प्रत्येक कौल वर्षातून एकदा हाताखालून जातं. सारवताना कोपऱ्यातली वाळवीची मातीची रेघ त्याच दिवशी दिसते आणि पुसली जाते. कुलूप लागलं की हे सगळं एकदम थांबतं. पुढची पिढी शनिवारीच येणार असेल, तर ही कामं आता बांधकामाकडून आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकाकडून करून घ्यावी लागतात. नव्या टाइलने यातलं एकही काम होत नाही.

पाहणीत काय सापडलं

सहा वर्षांच्या कुलपापेक्षा जास्त नुकसान त्याआधीच्या एका "पक्क्या" दुरुस्तीने केलं होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी बाहेरून खिडकीच्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा, आत शहाबादीवर टाइल आणि भिंतीलगत काँक्रीटचा पट्टा असं काम झालं होतं. जोत्यातून वर चढणारी ओल मातीत रचलेल्या विटांतून पूर्वी बाहेर सुकून जायची. सिमेंटने तिची वाट अडवली. ओल आत वळली आणि माजघरात चार फुटांपर्यंत खाराची पांढरी रेघ उठली. काँक्रीटचा पट्टा खचून भिंतीकडे उतरता झाला होता, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारं पागोळीचं पाणी थेट जोत्यात जात होतं.

खांबांची गोष्ट त्याहून वाईट. सागाचा खांब दगडी तळखड्यावर उभा असतो तो जमिनीच्या ओलीपासून वर राहावा म्हणून. टाइल बसवताना जमीन तीन इंच उचलली गेली, तळखडा गाडला गेला आणि खांबाचा पाय ओल्या मसाल्यात उभा राहिला. सात खांबांपैकी तीन पायाशी कुजले होते. वरून पाहिलं तर पॉलिश चकाचक.

लाकूड तपासायला महागडं उपकरण लागत नाही. धारदार टोच्या घ्यायचा आणि तीन जागी टोचायचं: खांबाचा पाय, तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक आणि वळचणीजवळचा, म्हणजे छपराच्या खालच्या कडेचा वासा. टोच्या अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला तर ते लाकूड गेलं. ओलावा मोजायचं छोटं मीटर हाताशी असेल तर २० टक्क्यांवरचा आकडा धोक्याचा समजावा, कारण त्यापुढे बुरशीला खायला मिळतं. या घरात भक्कम निघालं ते आढं आणि तुळया. वाश्यांपैकी वळचणीकडचे नऊ बदलावे लागले आणि रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) जवळजवळ सगळ्याच, कारण त्या जंगली लाकडाच्या होत्या आणि वाळवीने पोकळ केल्या होत्या.

कागद

यावर लांबण लावत नाही, पण पैसे घालण्याआधी हे झालंच पाहिजे. घर गावठाणात होतं आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबांचं नाव होतं. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर कोणाचं नाव लागलंय ते आधी पाहावं. शेतीचा सातबारा वेगळा, त्यावरची वारस नोंद वेगळी. वारसांत दोन आत्या आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२० चा निकाल पाहता, वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच धरून चालावं. आत्यांनी हक्क सोडला नाही, सोडायची गरजही नव्हती. कोण किती पैसे घालणार, घर कोणी किती दिवस वापरायचं आणि पुढे कोणाला बाहेर पडायचं असेल तर त्याने घातलेल्या खर्चाचं काय, हे वकिलाकडून लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडलं. "आपल्यात कशाला कागद" असं म्हणणारं घरात एक माणूस असतंच, इथेही थोरले काका होते. त्यांची सही सगळ्यात आधी घेतली.

पाणी आधी

छपराचं क्षेत्र वळचणी धरून सपाट मापाने सुमारे १५२ चौरस मीटर. या पट्ट्यात पावसाळ्यात २,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर एका हंगामात या छपरावरून पावणेचार लाख लिटर पाणी उतरतं. जोराच्या सरीत, तासाला १०० मिलिमीटर या वेगाने, एकेका बाजूला मिनिटाला सव्वाशे लिटर. एवढं पाणी भिंतीच्या दोन फुटांवर पडतं आणि ते कुठे जाणार, हे कोणी ठरवलेलंच नव्हतं.

काँक्रीटचा पट्टा फोडला. अंगण वर्षानुवर्षं मुरूम टाकून नऊ इंच वर आलं होतं, ते खाली नेलं आणि गाडलेलं जोतं पुन्हा उघडं पडलं. पागोळी जिथे पडते त्या रेषेखाली, भिंतीला लागून नव्हे, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणला. तळाला चार इंची छिद्रांचा पाइप टाकला, छिद्रं खाली, उतार शंभराला एक. वर २० मिलिमीटर खडी, पाइपाभोवती गाळ अडवणारं कापड. चराचं तोंड खालच्या वावरात सोडलं. उतार डोळ्याने धरू नये, पाण्याच्या नळीने लेव्हल घ्यावी. इथे पहिल्याच दिवशी मधल्या टप्प्यात पाइप उलटा उतरला होता आणि खडी टाकायच्या आधी बादलीभर पाणी ओतून पाहिलं म्हणून ते कळलं.

खांब

कुजलेला खांब आख्खा बदलायचा नाही. तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू आणि स्क्रू जॅक लावायचे, टेकूखाली रुंद फळी. जॅक फिरवायचा तो भार उचलण्यापुरता, तुळई वर ढकलण्यासाठी नाही. दोन-तीन मिलिमीटर उचल दिसली की थांबायचं. एका खांबाला मिस्त्रीने हौसेने बोटभर उचल दिली. वरच्या कौलांचे सांधे सुटले आणि कुडाला कोपऱ्यातून तडा गेला.

मग खांबाचा कुजका पाय चांगलं लाकूड लागेपर्यंत, इथे १४ इंच, कापला. जुन्याच सागाचा तुकडा तिरका खाच-सांधा देऊन जोडला, आरपार दोन १२ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट. तळखडा वर काढून नव्या जमिनीच्या किमान दोन इंच वर राहील असा बसवला. खांबाच्या बुडाला आणि दगडाला चिकटवायला मसाला घालायचा नाही. मध्ये शिशाचा किंवा जाड रबराचा तुकडा पुरतो.

छप्पर

एकूण खर्चातला जवळजवळ चाळीस टक्के भाग इथे गेला आणि तो योग्यच होता.

उतार ३० अंश. तिरक्या मापाने छप्पर सुमारे १७६ चौरस मीटर भरलं. चौरस मीटरला १५ धरून २,६५० कौलं. जुनी उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवलं: खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. शंका असलेली उपडी मांडून खोलगट भागात पाणी भरून रात्रभर ठेवली, सकाळी खाली थेंब लोंबत असेल तर बाद. अशी १,६०० वाचली. नवी १,२५० घेतली, म्हणजे दोनशे कौलं जादा. ही जादा कौलं मागच्या पडवीत उभी रचून ठेवली आहेत, कारण दहा वर्षांनी त्याच मापाचं कौल मिळेलच असं नाही.

आणि नेमकं मापातच काम अडलं. कौलांवर कारखान्याचा छाप असतो. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढल्यावर अनेकांनी तीच घडण उचलली, पण प्रत्येकाचा साचा किंचित वेगळा. जुन्या कौलाची खोबण नव्या कौलाच्या कडेत बसत नाही. दिसायला बसल्यासारखं वाटतं, वाऱ्यासोबतच्या पावसात पाणी तिथूनच आत येतं. सुताराने नव्या कौलाच्या मापाने, साडेबारा इंचांवर, सगळ्या रिपा ठोकून टाकल्या. जुनी कौलं त्यावर अर्धा इंच कमी पडायला लागली. पुढच्या पाखीच्या, म्हणजे छपराच्या पुढच्या उताराच्या रिपा काढून परत ठोकल्या. नियम सोपा आहे: एका पाखीवर एकाच छापाची कौलं आणि रिपांचं अंतर फुटपट्टीवरून नव्हे, त्या पाखीची दहा कौलं एकमेकांत अडकवून जमिनीवर मांडून ठरवायचं. दहाची ओळ ताणून एकदा, दाबून एकदा मोजायची आणि मधलं माप घ्यायचं.

मुरबाडकडे कौलारू घरं पत्र्याची होण्यामागे पावसाइतकीच वानरंही कारण आहेत. राहतं घर असेल तर फुटलेलं कौल दुसऱ्या दिवशी बदललं जातं. बंद घरात ते पंधरा दिवस तसंच राहतं आणि खाली वासा कुजतो. म्हणून मधल्या मुख्य भागावर कौलांखाली अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा घेतला, पडव्या मात्र नुसत्या कौलांच्या ठेवल्या. हा पत्रा बहुतेक ठिकाणी चुकीचा बसवतात: वाश्यांवर पत्रा, पत्र्यावर थेट आडव्या रिपा. फुटक्या कौलातून आलेलं पाणी मग प्रत्येक रिपेपाशी तुंबतं आणि रीप खालून कुजते. पत्र्यावर आधी वाश्याच्या रेषेत इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या मारायच्या आणि आडव्या रिपा त्यांवर. पाणी रिपांखालून सरळ वळचणीला जातं, हवाही त्याच फटीतून वर चढते. आढ्यापाशी पत्रा दोन्हीकडून दीड इंच अलीकडे थांबवला आणि फटीवर बारीक जाळी बसवली, नाहीतर दुपारची कोंडलेली गरम हवा जायला जागा नाही. माजघरावर चार काचेची कौलं आणि त्यांच्याखाली पत्र्याऐवजी पारदर्शक शीट.

आढ्यावरच्या कौलांखाली मसाला ठासून भरू नये. कडेला दोन बोटं जाडीची पट्टी, मधला भाग पोकळ. मसाला चुना, सिमेंट, वाळू १:१:६. नुसत्या सिमेंटचा मसाला कौलापासून सुटतो आणि त्या तड्यातून पाणी ओढतो. पहिल्या पावसाळ्यात घर दोन जागी गळलं, त्यातली एक हीच होती, जिथे संध्याकाळच्या घाईत भराव पूर्ण केला होता. दुसरी मुख्य छप्पर आणि पुढची पडवी जुळते त्या ठिकाणी. तिथे वरचं कौल खालच्यावर जेमतेम दीड इंच चढत होतं, तीन इंच करून घेतलं.

नव्या रिपा आणि वासे ठोकण्याआधी बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणातून काढले: दीड भाग बोरॅक्स, एक भाग बोरिक, दोन्ही मिळून शंभर लिटर पाण्यात दहा किलो. पत्र्याचा तुकडा वाकवून लांबट हौद केला होता. हे द्रावण पावसात धुऊन जातं, म्हणून ते फक्त छपराखाली कोरड्या राहणाऱ्या लाकडाला लावायचं.

वाळवी आणि विहीर

जमिनीतली वाळवी वेगळी. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर दर फुटाला १२ मिलिमीटरचं छिद्र पाडून औषध सोडलं. क्लोरपायरिफॉस २० टक्के असेल तर एक लिटरला १९ लिटर पाणी, छिद्रामागे एक लिटरपर्यंत. मग छिद्रं बुजवायची. विहिरीकडच्या मागच्या भिंतीला मात्र हे औषध सोडलं नाही. विहीर तिथून जवळ आहे आणि गावातली दोन घरं तिचं पाणी पितात. त्या बाजूला जोतं उघडं ठेवणं, लाकूड भिंतीला न टेकवणं आणि दर महिन्याला नजर टाकणं एवढ्यावर भागवलं. औषध मारणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं, तो सगळीकडे सारखंच मारून मोकळा होतो.

भिंती

सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने, वरून खाली, तीन-तीन फुटांच्या पट्ट्यांत काढला. ब्रेकर लावला तर विटेचं तोंडही सोबत येतं. गवंड्याचा आग्रह होता, "काका, परत सिमेंटच मारा, वीस वर्षं बघायला नको." पंचवीस वर्षांपूर्वीही बहुधा हेच वाक्य कोणीतरी म्हटलं असेल. भिंती दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत उघड्या ठेवून वाळवल्या. वर आलेला खार कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर तो परत भिंतीत मुरतो.

चुना बांधावर खड्ड्यात आधीच विरवून ठेवला होता. बाहेरचा पहिला थर चुना, सुरखी (विटांची भुकटी), वाळू १:१:२, १२ मिलिमीटर, वरचा थर सहा. पहिला नमुना पश्चिमेच्या भिंतीवर केला आणि आठवड्यात त्याला जाळीदार तडे गेले. दोन कारणं होती. क्रश सँडमधली दगडाची भुकटी चाळली नव्हती आणि दुपारच्या वाऱ्याने गिलावा भराभर सुकला. नंतर वाळू धुऊन घेतली, काम सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर, वर सात दिवस ओलं गोणपाट. आतून माती, शेण आणि भाताच्या तुसाचा लेप, वर चुन्याची सफेदी. प्लास्टिक पेंट कुठेही नाही. कूड दोन ठिकाणी बदलले, तिथे कारवीऐवजी बांबूच्या कामट्या वापरल्या.

बाथरूम, वीज आणि आजी

बाथरूम मातीच्या भिंतीला चिकटवायची नाही. मागच्या पडवीबाहेर वेगळ्या पायावर, मुख्य भिंतीपासून दोन इंच फट सोडून बांधली. आधी आणलेल्या टाइल शेवटी इथेच लागल्या. गणपतीत घरात दहाबारा माणसं असतात आणि तेव्हाच जमीन पाण्याने फुगलेली असते, म्हणून सेप्टिक टँक पाच माणसांचा न घेता दहाचा: आतून दोन मीटर बाय ९० सेंटिमीटर, पाण्याची खोली १.४ मीटर. शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटरपेक्षा लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. बंद घरात फ्लोअर ट्रॅपमधलं (मोरीच्या जाळीखालच्या वाटीतलं) पाणी उन्हाळ्यात आटतं आणि टाकीचा वास व झुरळं आत येतात. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल टाकलं की पाणी टिकतं.

वायरिंग मातीच्या भिंतीत खोदून बसवलं नाही. कडक पाइपातून, तुळईच्या बाजूने उघडं नेलं, उंदरांना तोंड घालायला फट नको म्हणून टोकं बंद. दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझरला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, नवं अर्थिंग आणि विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर. फ्रिज आणि पंप वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे जाताना बाकी सगळं खाली पाडता येतं.

ओटीच्या दहा इंची तीन पायऱ्यांच्या जागी सहा इंची पाच पायऱ्या आणि कठडा केला. "मी काही म्हातारी झाले नाही रे," असं आजींनी नातवाला सुनावलं, पण वर जाताना हात कठड्यावरच असतो.

चूल काढली नाही. मागच्या पडवीत नवी बांधली आणि तिचा धूर मुद्दाम धुराड्यातून बाहेर न काढता आढ्याच्या फटीकडे जाऊ दिला. गावातल्या एका कुटुंबाला महिन्याचे पैसे ठरवून दिले आहेत: आठवड्यातून दोनदा खिडक्या उघडायच्या, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चूल पेटवायची, फुटलं कौल बदलायचं आणि चराच्या तोंडाचा फोटो पाठवायचा. कपाटं भिंतीपासून दोन इंच लांब, गाद्या पत्र्याच्या पेटीत.

वेळ

हंगाम चुकला की सगळं चुकतं. दसरा-दिवाळीत भातकापणी आणि झोडणी, तेव्हा माणूस मिळत नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू झाल्या की अनेक मजूर कुटुंबं तिकडे जातात. म्हणून सुतार आणि गवंड्याला इसार श्रावणातच दिला. भिंती सोलणं दिवाळीनंतर लगेच, खांब डिसेंबरमध्ये, छप्पर उघडलं ते जानेवारीत, एका वेळी एकच पाखी आणि ताडपत्री हाताशी ठेवून. गिलावा फेब्रुवारी-मार्च. एप्रिलनंतर लग्नसराई आणि वळवाचा पाऊस धरून बाहेरचं एकही ओलं काम ठेवलं नव्हतं.

एक भिंत बाकी आहे. उत्तरेकडून जाणारा रस्ता काँक्रीटचा होताना जोत्याच्या निम्म्यापर्यंत वर आला आणि तिकडे चर खणायला जागाच उरली नाही. त्या बाजूने ओल अजून फूटभर चढते. तिथला सिमेंट गिलावा काढला आहे, नवा केलेला नाही. वीट उघडीच आहे आणि पेन्सिलने ओलीची रेघ तारखेसह मारून ठेवली आहे. आणखी दोन पावसाळे ती किती हलते ते पाहून मगच तिथे चुना लागेल.